रंगांचा शोधक, न्यायाचा पाईक : रिचर्ड विलस्टेटर

आमच्या प्रयोगशाळेत आम्ही दरवर्षी मुलांकडून एक साधा प्रयोग करवून घेतो. गोकर्णीची निळी फुले गरम पाण्यात ठेवावीत, पाणी निळे झाले की त्यात लिंबाचे चार थेंब पिळावेत. पाहता पाहता निळे पाणी जांभळे होते. जास्वंदीच्या पाकळ्यांच्या अर्कात लिंबू पिळले तर तो गडद गुलाबी होतो आणि खाण्याचा सोडा टाकला तर हिरवट. मुलांना ही जादू वाटते. मग त्यांच्यापैकी कोणीतरी विचारतोच, की फुलाचा खरा रंग कोणता? या प्रश्नाचे शास्त्रशुद्ध उत्तर शोधण्यात ज्यांनी आयुष्याची उमेदीची वर्षे घातली, त्या रिचर्ड विलस्टेटर या जर्मन रसायनशास्त्रज्ञाचे चरित्र या स्मरणिकेच्या निमित्ताने आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहोत. त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले म्हणून हे चरित्र आम्ही निवडलेले नाही. जन्मावरून माणसाची पात्रता ठरविली जात आहे असे दिसताच त्यांनी आपले सर्वोच्च पद आणि आपली प्रयोगशाळा यांचा त्याग केला, हे त्यामागचे कारण आहे.

विलस्टेटर यांचा जन्म 13 ऑगस्ट 1872 रोजी जर्मनीतील कार्ल्सरूह या शहरी एका ज्यू कुटुंबात झाला. वडील कापडाचे व्यापारी होते. रिचर्ड अकरा वर्षांचे असताना अधिक चांगल्या उदरनिर्वाहाच्या शोधात वडील अमेरिकेत न्यूयॉर्कला गेले. थोड्या काळासाठी म्हणून झालेली ही ताटातूट प्रत्यक्षात सुमारे सतरा वर्षे लांबली. आई आपल्या दोन मुलांना घेऊन माहेरी, न्युरेंबर्गला आली आणि तिने मोठ्या हिमतीने त्यांना वाढविले. घरापासून दूर राहून शिकणाऱ्या आमच्या मुलांना या बालपणाचे मोल वेगळे सांगावयास नको.

वयाच्या अठराव्या वर्षी ते म्यूनिक विद्यापीठात दाखल झाले. त्या काळी तेथील रसायनशास्त्र विभागाची धुरा आडोल्फ फॉन बायर यांच्याकडे होती. बायर म्हणजे निळीच्या रेणूची रचना उलगडणारे आणि नीळ प्रयोगशाळेत घडविणारे थोर शास्त्रज्ञ. त्यांच्या संशोधनाच्या वाटेने पुढे 1897 साली कारखान्यात तयार झालेली कृत्रिम नीळ बाजारात आली आणि आपल्या देशातील निळीच्या शेतीचा व्यापार काही वर्षांतच मोडकळीस आला. वनस्पतींतील रंगद्रव्यांचे रसायनशास्त्र हा केवळ पुस्तकी विषय नाही, लाखोंच्या पोटाशी त्याचा संबंध आहे, हे यावरून ध्यानी यावे. विलस्टेटर यांनी आल्फ्रेड आइनहॉर्न यांच्या हाताखाली कोकेनच्या रचनेवर काम करून 1894 मध्ये डॉक्टरेट मिळविली आणि पुढे बायर यांच्या छायेत ते नावारूपास आले. ज्यू धर्म सोडून बाप्तिस्मा घेतल्यास विद्यापीठातील वाट सुकर होईल, असा सल्ला खुद्द बायर यांनी त्यांना दिला होता. सल्ल्यामागे हितबुद्धीच होती. परंतु ज्या धर्मांतराने पदरात लाभ पडणार आहे ते करणे विलस्टेटर यांना प्रामाणिकपणाचे वाटले नाही. त्यांनी नम्रपणे नकार दिला.

1905 साली स्वित्झर्लंडमधील झुरिकच्या तंत्रविद्यापीठात ते प्राध्यापक झाले आणि तेथे त्यांनी पानांतील हरितद्रव्याचा प्रश्न हाती घेतला. निरनिराळ्या वनस्पतींत निरनिराळी हरितद्रव्ये असतात, असे त्यापूर्वी अनेकांना वाटत असे. हरितद्रव्याच्या राखेत मॅग्नेशिअम सापडे, पण ते मूळ द्रव्यातले की बाहेरून मिसळलेली अशुद्धी, हेही नक्की नव्हते. या शंकांचे मूळ एकच होते, ते म्हणजे शुद्ध हरितद्रव्य कोणाच्याच हाती आलेले नव्हते. पानातून ते काढताना आम्ले, उष्णता आणि पानातीलच विकरे त्याचा नाश करीत.

विलस्टेटर यांनी महागड्या उपकरणांचा ध्यास धरला नाही. युरोपात रानोमाळ उगवणारी, अंगाला लागताच खाज सुटणारी नेटल नावाची वनस्पती त्यांनी निवडली, कारण तिची वाळलेली पाने स्वस्तात आणि मुबलक मिळत. त्या पानांच्या भुकटीतून पाणी मिसळलेल्या ॲसिटोनसारख्या द्रावकांच्या साहाय्याने त्यांनी हरितद्रव्य बाहेर काढले. कोणता पदार्थ कोणत्या द्रावकात अधिक विरघळतो, या एका गुणधर्माचा उपयोग करून त्यांनी एकेक अशुद्धी वेगळी केली. दोन द्रावके एकमेकांत मिसळत नसतील, तर त्यांत विरघळणारे पदार्थ आपापल्या स्वभावानुसार वाटले जातात. या साध्या तत्त्वावर त्यांचे बहुतेक यश उभे होते.

या परिश्रमांतून जे हाती आले ते अपूर्व होते. मॅग्नेशिअम हा हरितद्रव्याचाच अविभाज्य घटक आहे, वजनाने सुमारे 2.7 टक्के, हे सिद्ध झाले. रक्तातील लाल द्रव्यात जसा लोहाचा अणू, तसा पानातील हिरव्या द्रव्यात मॅग्नेशिअमचा, हे साम्य त्यातून समोर आले. हरितद्रव्य एक नसून अ आणि ब असे त्याचे दोन प्रकार आहेत व पानात ते साधारण तीनास एक या प्रमाणात असतात, हेही त्यांनी दाखविले. दोनशेहून अधिक वनस्पती तपासून त्यांनी निष्कर्ष काढला, की गवत असो वा महावृक्ष, हरितद्रव्य सर्वत्र तेच आहे. या कामात आर्थर श्टोल हा त्यांचा तरुण विद्यार्थी त्यांचा उजवा हात होता. या श्टोलची आठवण पुढे पुन्हा यावयाची आहे.

संशोधनाचे हे यश त्यांना सुखाने भोगता आले नाही. 1903 मध्ये त्यांचा विवाह झाला होता. पत्नी सोफी 1908 मध्ये निवर्तल्या आणि मुलगा लुडविग व मुलगी मार्गारेट ही लहान लेकरे आईवाचून राहिली. पुढे 1915 मध्ये लुडविगही मधुमेहाने गेला. इन्शुलिनचा शोध तेव्हा लागलेला नव्हता. त्याच वर्षी त्यांना रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक जाहीर झाले. महायुद्धामुळे ते त्यांनी प्रत्यक्ष स्वीकारले 1920 साली.

1912 मध्ये विलस्टेटर बर्लिनजवळील डालेम येथे नव्याने उघडलेल्या कैसर विल्हेल्म संस्थेत आले. आता त्यांनी फुलाफळांच्या लाल, जांभळ्या, निळ्या रंगांकडे मोर्चा वळविला. या रंगद्रव्यांना अँथोसायनिन म्हणतात. ती पाण्यात विरघळतात, पेशीरसात असतात आणि हाताळताना चटकन बिघडतात. म्हणूनच ती शुद्ध स्वरूपात मिळविणे अवघड होते. विलस्टेटर यांनी त्यांचा एक स्वभाव ओळखला. तीव्र आम्लाबरोबर ही द्रव्ये क्षार बनवितात आणि त्या क्षाररूपात ती स्थिर राहून त्यांचे स्फटिक मिळू शकतात. 1913 मध्ये कॉर्नफ्लॉवर या शेतात उगवणाऱ्या निळ्या फुलातून त्यांनी व त्यांचे सहकारी एव्हरेस्ट यांनी असे रंगद्रव्य वेगळे केले व त्यास सायनिन हे नाव मिळाले.

त्यानंतर लाल गुलाबाच्या पाकळ्या तपासल्या तेव्हा त्यांतही तेच सायनिन सापडले. निळे फूल आणि लाल फूल, पण रंगद्रव्य एकच! त्याचे द्रावण आम्लयुक्त असेल तर लाल दिसते, उदासीन असेल तर जांभळे आणि आम्लारियुक्त असेल तर निळे. रेणूतील अणूंची मांडणी भोवतालच्या द्रावणानुसार बदलते आणि त्याप्रमाणे तो रेणू प्रकाशाचा वेगळा भाग शोषून घेतो, म्हणून आपल्या डोळ्यांना रंग वेगळा दिसतो. आमची मुले गोकर्णीच्या पाण्यात लिंबू पिळून पाहतात, ते हेच.

विलस्टेटर यांनी पुढे अनेक फुले आणि फळे तपासली. या द्रव्यांतील साखरेचा भाग आम्लात उकळून वेगळा केला असता मागे मोजकीच मूळ द्रव्ये उरतात, असे त्यांना दिसून आले. पेलार्गोनिडिन, सायनिडिन आणि डेल्फिनिडिन ही त्यांतील प्रमुख तीन. ती एकमेकांपासून प्रामुख्याने रेणूच्या एका कड्यावरील हायड्रॉक्सिल गटांच्या संख्येने वेगळी आहेत, पहिल्यात एक, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात तीन. निसर्गातील अगणित छटांच्या मागे इतकी साधी योजना असावी, हे त्यावेळच्या शास्त्रज्ञांनाही नवलाचे वाटले असेल. 1914 मध्ये त्यांनी क्वेर्सेटिन या पिवळ्या द्रव्यापासून लाल सायनिडिन बनवून दाखविले आणि पिवळे व लाल रंग एकाच कुळातले आहेत हे सिद्ध केले. हे क्वेर्सेटिन आपल्या स्वयंपाकघरात कांद्याच्या सालीत असते. ती साल उकळून तुरटीत भिजविलेले सुती कापड रंगविले तर सुरेख पिवळा रंग चढतो. तुरटीतील ॲल्युमिनिअम धागा आणि रंग यांना बांधून ठेवते. अँथोसायनिनचे रंग मात्र उन्हाने व धुण्याने लवकर उतरतात, म्हणून फुले कितीही मोहक असली तरी त्यांचा रंग कापडावर फारसा टिकत नाही.

येथे एक गोष्ट सांगणे आमचे कर्तव्य आहे. कॉर्नफ्लॉवरचा पेशीरस आम्लारियुक्त असल्यामुळे ते फूल निळे दिसते, हे विलस्टेटर यांचे स्पष्टीकरण पुढे अपुरे ठरले. त्या फुलाचा रस तसा नसतोच. जपानमधील शिबाता व त्यांच्या सहकाऱ्यांनी 1919 मध्ये निळ्या रंगामागे धातू असावेत असे सुचविले आणि 2005 साली जपानी शास्त्रज्ञांनीच त्या निळ्या द्रव्याची संपूर्ण रचना उलगडली. लोह, मॅग्नेशिअम व कॅल्शिअम यांच्या अणूंभोवती अँथोसायनिनचे सहा आणि फ्लेव्होनचे सहा रेणू तेथे गुंफलेले असतात. मूळ शोध, म्हणजे गुलाब आणि कॉर्नफ्लॉवर यांतील रंगद्रव्य एकच असल्याचा, मात्र अबाधित राहिला. विज्ञानात थोरांचेही म्हणणे तपासून घ्यावयाचे असते आणि तपासल्याने त्यांचा मान कमी होत नाही.

विलस्टेटर यांनी घालून दिलेल्या पायावर आजचे संशोधन उभे आहे. कोकमाचा लाल रंग सायनिडिन कुळातील आहे, तर गोकर्णीची निळाई डेल्फिनिडिन कुळातील. जांभळाच्या सालीचा गडद रंगही अँथोसायनिनचाच. ही द्रव्ये आणि क्वेर्सेटिन आपले हायड्रोजन अणू सहज देऊन ऑक्सिजनच्या उपद्रवी मूलकांना शांत करतात, म्हणून त्यांना अँटिऑक्सिडंट म्हटले जाते. परीक्षानळीत दिसणारा हा गुण शरीरात तितक्याच प्रमाणात उतरतो असे मात्र नाही, कारण अन्नातून त्यांचा थोडाच अंश रक्तात पोहोचतो. विलस्टेटर यांच्या काळी हा विचार पुढे आलेला नव्हता, परंतु या रेणूंची ओळख त्यांनी पटविली नसती तर तो करताही आला नसता.

पहिले महायुद्ध सुरू झाले आणि फुलांचे काम थांबले. विषारी वायूंच्या युद्धाचे सूत्रधार फ्रिट्झ हाबर हे त्यांचे मित्र. विलस्टेटर यांनी वायू बनविण्याच्या कामात भाग घेतला नाही. त्या वायूंपासून सैनिकांचा बचाव करणाऱ्या मुखवट्याची गाळणी तयार करण्याचे काम त्यांनी पत्करले. कोळशाच्या जोडीला हेक्सामाइन वापरून त्यांनी जी गाळणी बनविली तिने फॉस्जीनसारखा घातक वायू अडविला. असे मुखवटे लक्षावधी सैनिकांना मिळाले. त्याबद्दल जर्मन सरकारने त्यांना आयर्न क्रॉस देऊन गौरविले.

1916 मध्ये ते म्यूनिकला बायर यांच्या जागी आले. ज्या विद्यापीठात विद्यार्थी म्हणून पाऊल टाकले, त्याच विभागाचे ते प्रमुख झाले. येथे त्यांनी विकरांचा अभ्यास आरंभिला. द्रावणातील विकर अधिशोषणाने पकडून शुद्ध करण्याच्या पद्धती त्यांनी विकसित केल्या. त्यांची द्रावणे इतकी विरल होती, की त्यांत प्रथिनाचा मागमूस लागत नसे. त्यावरून विकर हे प्रथिन नव्हे, असे मत त्यांनी बनविले. 1926 मध्ये अमेरिकेतील जेम्स सम्नर यांनी युरिएज या विकराचे स्फटिक मिळवून ते प्रथिन असल्याचे दाखविले आणि विलस्टेटर यांचे मत चुकीचे ठरले.

आता त्यांच्या आयुष्यातील निर्णायक प्रसंगाकडे वळू. नोव्हेंबर 1923 मध्ये हिटलरने म्यूनिकमध्येच सत्ता बळकावण्याचा प्रयत्न केला होता. तो फसला, परंतु ज्यूद्वेषाचे विष शहरात आणि विद्यापीठातही पसरले होते. 1924 मध्ये खनिजशास्त्राचे ज्येष्ठ प्राध्यापक पाउल ग्रोथ यांच्या निवृत्तीनंतर त्यांच्या जागेचा प्रश्न निघाला. व्हिक्टर गोल्डश्मिट हे त्या पदासाठी सर्वांत योग्य उमेदवार होते. आधुनिक भू-रसायनशास्त्राचे जनक म्हणून आज जग त्यांना ओळखते. त्यांच्या विद्वत्तेविषयी कोणाची तक्रार नव्हती. परंतु ते ज्यू होते आणि तेवढ्याच कारणासाठी प्राध्यापक मंडळाने त्यांना डावलले.

विलस्टेटर त्या मंडळाचे सदस्य होते. त्यांच्या स्वतःच्या खुर्चीला कोणताही धोका नव्हता. नोबेल विजेत्याला हात लावण्याची कोणाची छाती नव्हती. निषेधाचे दोन शब्द बोलून ते आपल्या प्रयोगशाळेत परतले असते तर कोणी नाव ठेवले नसते. परंतु जेथे विद्वत्तेऐवजी जन्म मोजला जातो तेथे आपण बसणे म्हणजे त्या मोजणीस संमती देणे होय, असे त्यांना वाटले. त्यांनी राजीनामा दिला. विद्यार्थ्यांनी विनवण्या केल्या, सहकाऱ्यांनी गळ घातली, सरकारकडूनही मन वळविण्याचा प्रयत्न झाला. ते बधले नाहीत. 1925 मध्ये त्यांनी पदभार सोडला. आपल्या जागी हाइनरिश व्हीलांड यांच्यासारखा तोलामोलाचा शास्त्रज्ञ यावा एवढेच त्यांनी पाहिले. इतर विद्यापीठांकडून आणि उद्योगांकडून आलेली निमंत्रणेही त्यांनी नाकारली.

या निर्णयाची किंमत मोठी होती. रसायनशास्त्रज्ञाला प्रयोगशाळा नसणे म्हणजे शेतकऱ्याला जमीन नसणे. पुढील वर्षांत त्यांच्या सहकारी मार्गारेट रोहडेवाल्ड विकरांवरील प्रयोग करीत आणि विलस्टेटर घरून दूरध्वनीवर त्यांना मार्गदर्शन करीत. स्वतः मात्र ते त्या प्रयोगशाळेत गेले नाहीत. आत राहून लढणे अधिक उपयोगी ठरले नसते काय, असा प्रश्न येथे कोणाही विचारी वाचकास पडेल. त्यांच्या राजीनाम्याने गोल्डश्मिट यांना ती जागा मिळाली नाही आणि विद्यापीठही सुधारले नाही. हे सर्व मान्य करूनही आम्हास वाटते, की त्या दिवशी ज्याचे काहीच बिघडणार नव्हते अशा एकाने दुसऱ्यावरील अन्याय स्वतःवरचा मानला, ही गोष्ट लहान नाही. अन्याय सोसणाऱ्याला सर्वांत अधिक बोचते ते सुस्थितीतील माणसांचे मौन. ते मौन विलस्टेटर यांनी पाळले नाही.

पुढे काळ अधिकच कठीण आला. नोव्हेंबर 1938 मध्ये जर्मनीभर ज्यूंची घरे व प्रार्थनास्थळे यांवर हल्ले झाले, तेव्हा गुप्त पोलीस त्यांना पकडण्यास घरी आले. ते बागेत होते म्हणून पोलिसांच्या हाती लागले नाहीत. सहासष्ट वर्षांच्या या वृद्धाने होडीतून सरोवर ओलांडून स्वित्झर्लंडला निसटण्याचा प्रयत्न केला, पण तो फसला. अखेर झुरिकचा तो जुना विद्यार्थी, आर्थर श्टोल, मदतीस धावला. त्याच्या खटपटीमुळे मार्च 1939 मध्ये विलस्टेटर यांना देश सोडता आला. आयुष्यभर जमविलेल्या वस्तूंपैकी थोड्याच त्यांना बरोबर नेता आल्या. ज्या देशाच्या सैनिकांचे प्राण त्यांच्या गाळणीने वाचविले, त्या देशाने त्यांना असा निरोप दिला.

स्वित्झर्लंडमधील लोकार्नोजवळच्या मुराल्टो या गावी त्यांनी अखेरची वर्षे आत्मचरित्र लिहिण्यात घालविली. 3 ऑगस्ट 1942 रोजी हृदयविकाराने त्यांचे निधन झाले. ते आत्मचरित्र श्टोल यांनीच संपादित करून 1949 मध्ये प्रसिद्ध केले. गुरूने दिलेले ज्ञान शिष्याने कृतज्ञतेच्या रूपाने परत केले, असेच म्हणावे लागेल.

गुलाबात आणि कॉर्नफ्लॉवरमध्ये एकच रंगद्रव्य आहे, यावरून माणसे समान आहेत असा निष्कर्ष काढणे शास्त्रीय होणार नाही. माणसांची समता फुलांच्या साक्षीवर अवलंबून नाही. परंतु पदार्थाचे बाह्य रूप पाहून त्याची पारख करू नये, तो शुद्ध करावा, तपासावा आणि मगच मत बनवावे, ही शिस्त विलस्टेटर यांनी प्रयोगशाळेत पाळली. विद्यापीठाच्या सभेत माणसाची पारख करण्याची वेळ आली तेव्हाही त्यांनी तीच शिस्त मागितली, आणि ती मिळेना तेव्हा ते उठून गेले.

आमच्या शाळेतून बाहेर पडणाऱ्या मुलामुलींपैकी काही उद्या प्रयोगशाळांत जातील, काही निवड समित्यांवर बसतील, काहींच्या हाती इतरांचे भवितव्य येईल. त्या वेळी समोरच्या माणसाचे काम पाहावे, आणि कोणाला जन्मावरून डावलले जात असेल तर आपली खुर्ची सुरक्षित आहे म्हणून गप्प बसू नये. एवढे जरी त्यांनी या चरित्रातून घेतले, तरी ही पाने लिहिल्याचे आम्हास समाधान लाभेल.